दर मंगळवारी माझा पाय तुटतो

४ फेब्रुवारी, मंगळवार

दादू,

आशीर्वाद आधी घे, मग काय रागवायचं ते रागव. तुझा राग कुठे पळून जात नाही, घरचाच आहे.

आज माझा डावा पाय गुडघ्याखालून तुटला. गेल्या मंगळवारी पोट फाटलं होतं, त्याआधी अर्धा चेहरा भाजला होता, आणि एकदा तर मी नुसतीच मेले होते. ते मात्र मला नाही आवडलं. मेलेल्याला काही कामच नसतं. थंडीत उताणं पडायचं आणि शिकाऊ पोरं अंगावरून उड्या मारून पुढे जातात. मी उस्तादांना सांगून टाकलं, मला परत मारू नका, मला ओरडायला द्या, ओरडायला मी चांगली आहे. तुझ्या वडलांबरोबर एवढा संसार केला तो काय मुकाट्यानं केला?

आता नीट सांगते, नाहीतर सूनबाई म्हणेल म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. बारकीकडे राहायला आले तेव्हा मला वाटलं होतं, नात सैन्यात आहे म्हणजे सकाळी शिट्टी, दुपारी शिट्टी, एवढंच. तर इथे शाळा आहे. जिथे दवाखाना नाही, रस्ता नाही, डोक्यावर गोळे पडताहेत, अशा डोंगरात जखमी माणूस जिवंत कसा ठेवायचा ते शिकवतात. शिकायला जखमी लागतात. खरे कुठून आणणार रोज? म्हणून खोटे करतात. गावातली माणसं बोलावतात, रंगवतात, दरीत टाकून देतात, धूर सोडतात, आणि पोरांना सांगतात, जा, वाचवा. त्यांना एक म्हातारी हवी होती. मी म्हटलं, मी काय भाज्या निवडायला बसलेय का?

आमचा रंगारी आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आता जखमा रंगवतो. साखरेचा पाक, लाल रंग आणि चिमूटभर कॉफी, म्हणजे रक्त कसं काळपट, खऱ्यासारखं होतं. चाटून बघितलं मी, गोड लागतं. पोट फाटायचं असेल तर खाटकाकडून बकऱ्याची आतडी येतात, ती कमरेला बांधायची. उन्हं वर आली की असा वास सुटतो, की शिकाऊ पोरांना आधी स्वतःलाच सांभाळावं लागतं. आज माझा खरा पाय मागे दुमडून बांधला आणि पुढे मेणाचं हाड बसवलं, मांसाच्या चिंध्यांसकट. काखेत रबरी फुगा. तो दाबला की गुडघ्यातून चिळकांडी उडते. लंबू नावाचं एक उंच पोरगं आहे, ते वाकलं माझ्यावर आणि मी बरोबर त्याच्या तोंडावर उडवली. बसलंच खाली मटकन. पोरांना शिकवणारे उस्ताद म्हणाले, आजी, तुम्ही शत्रूला का नाही मिळत?

आता कामाचं. इथे पहिला धडा काय देतात ठाऊक आहे? जो ओरडतो त्याला श्वास आहे. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. कोण आधी, कोण नंतर, कोण नाहीच, हे ठरवायला एक माणूस नेमलेला असतो. त्यानं कुणापाशी थांबायचं नाही, नजर टाकायची आणि पुढे. आमच्या इथे ते काम बारकी करते. तिच्याइतकं झटपट कुणाला जमत नाही म्हणतात.

दादू, बस अड्ड्यावर तिनं तुला तसंच केलं. सुट्टी संपली म्हणून तू तिला बसवायला गेला होतास आणि गोळा पडला. तुझा हात त्या लोखंडी तुळईखाली सापडला आणि तू ओरडत होतास. ओरडत होतास म्हणून ती पुढे गेली. तो छाती फुटलेला माणूस गप्प होता. तो आज कुठेतरी बसून जेवत असेल, पोरांना दटावत असेल. तुझ्या गेलेल्या हातावर जगतोय तो.

महिनाअखेरीला तिची तुकडी वर जाणार. वर म्हणजे डोंगराच्या त्या धारेवर, जिथे अजून रोज गोळे पडतात, आणि दंडावरचा दवाखान्याचा पांढरा पट्टा बघून कुणी नेम चुकवत नाही. गेल्या खेपेला तिच्या आधी हे काम करणारी जी गेली होती, ती पोतडीतून खाली आली. त्याआधी तू ये. एकदा बोल तिच्याशी. वर्ष होईल आता, बापानं लेकीला हाक मारली नाही.

सूनबाईला सांग, गुडघ्यावरचा पाक गरम पाण्यानं जातो, काळजी नको.

आई


११ फेब्रुवारी, मंगळवार

दादू,

तुझं उत्तर नाही. बसचा ड्रायव्हर म्हणाला, पत्र हातात दिलं. हातात म्हणताना जरा अडखळला बिचारा. मी म्हटलं, अरे एक आहे अजून, त्यातच दिलंस ना?

रागावू नकोस. मी नाही थट्टा केली तर कोण करणार, सगळे नुसते हळहळतात तुझ्यासमोर. सूनबाईनं लिहिलंय, तू गॅरेजमध्ये जाऊन बसतोस आणि कुणी गाडी आणली की परत पाठवतोस. तोंड आहे की अजून. तोंडानं इंजिन उघडता येत नाही, पण दुसऱ्याकडून उघडून घेता येतं.

आज पोस्टमास्तर मेले. म्हणजे आमच्यातले, खोटे. निवृत्त झाल्यापासून तेही जखमी व्हायला येतात. एकदम सभ्य मरतात. आतडी बाहेर आलेली, तोंडातून पाक गळतोय, आणि हळूच चष्मा सावरतात. उस्ताद ओरडले, मास्तर, मेलेला माणूस चष्मा सावरत नाही. तर म्हणाले, मला नीट दिसलं नाही तर मेलो की नाही ते कसं कळणार? उस्ताद म्हणजे दांडगा माणूस, अस्वलासारखा, वरून तीन वेळा जिवंत खाली आलेला. कधी हसत नाही. आज पाठ फिरवून उभा राहिला आणि खांदे हलत होते त्याचे.

एक ठरलेलं आहे आमच्यात. खेळ चालू असताना कुणाला खरंच लागलं, तर 'खरं, खरं' असं दोनदा ओरडायचं. मग सगळं थांबतं. मागच्या महिन्यात मी ओरडले होते, कमरेखाली दगड टोचत होता म्हणून. सगळे धावत आले, आणि मग उस्ताद मला असे बोलले, असे बोलले, की तुझ्या वडलांची आठवण झाली.

बारकी कमी बोलते. तुझं नाव काढत नाही. सूनबाईची चौकशी करते, गॅरेज उघडतं का विचारते, आणि उत्तर ऐकताना बूट पुसत बसते. मी तिला काल सरळच विचारलं, कारण मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, बापाकडे बघितलंस तेव्हा काय वाटलं तुला?

म्हणाली, "आजी, वाटलं काही नाही. रक्ताचा रंग बघितला. काळपट होता. रक्त झिरपत होतं, उडत नव्हतं. आवाज मोठा होता. म्हणजे वेळ होता."

मग बूट ठेवले आणि दिवा घालवायला उठली.

मी हे तुला जसंच्या तसं लिहिते आहे. तुला ते खडीसारखं टोचेल, मला माहीत आहे. पण मला त्यात एक दिसलं. एवढ्या धुरात, एवढ्या किंकाळ्यांत तिनं तुझ्या रक्ताचा रंग लक्षात ठेवलाय. पुढे ज्यांना ज्यांना बघितलं त्यांचाही ठेवला असेल, कोण जाणे. पण तुझा ठेवलाय.

ये. गाड्या रोज आहेत.

आई


१९ फेब्रुवारी, बुधवार

दादू,

काल मंगळवार होता, पण लिहायला जमलं नाही. तसं काही नाही, सगळं मजेत आहे. पेपरात काही आलं असेल तर त्यांना काय, त्यांना पानं भरायची असतात. दरीत काहीतरी जुनं फुटलं, एवढंच. शाळेला आता थोडे दिवस सुट्टी आहे. उस्तादांच्या जागी दुसरे कुणी येणार म्हणतात.

बारकी ठणठणीत आहे, हे आधी वाच. तिला एक ओरखडा नाही. फक्त हात धूत बसते सारखी. साबणाची वडी संपवली.

इथलं खाणं बरं आहे. सूप देतात, पांचट असतं, पण नर्सबाई इतकी प्रेमानं भरवते, की नाही म्हणवत नाही. म्हणजे शेजारीण. ती नर्सच होती आधी, म्हणून तोंडात बसलंय.

रंगारी येऊन गेला. बसला, रडला, गेला. फार हळवा आहे. पोस्टमास्तरांचा चष्मा सापडत नाहीये, त्याचीच सगळ्यांना काळजी.

अक्षर तिरकं आलंय ते या स्टुलामुळे, डुगडुगतं. जास्त लिहीत नाही. तू येण्याचं काय ठरवलंस? आता दिवस थोडे राहिले.

आई


२३ फेब्रुवारी, रविवार

दादू,

तुझी चिठ्ठी ड्रायव्हरनं आणून दिली. वर्षभरानं तुझं अक्षर बघितलं. डाव्या हातानं लिहिलेलं, पहिलीतल्या पोरासारखं, तरी मला ओळखू आलं. 'आई, तू झोपून का लिहितेस. खरं लिही.' एवढंच. माझं पोर ते. आडवी पडलेली ओळ बघून बाईसुद्धा आडवी आहे हे ओळखणारं.

ठीक आहे. खरं लिहिते. सूनबाईला आधी खाली बसव.

उजव्या पायाची नळी फुटली. मांडीत लोखंडाचा एक तुकडा गेला होता, तो काढला. पायावर आता सळ्यांचा असा काही मनोरा उभा केलाय, की त्यावर एखाद्या कंपनीला मोबाईलची तार लावता येईल. पाय राहील म्हणतात. लंगडेन. माझं लग्न ठरायचं नाहीये आता.

झालं ते असं. त्या मंगळवारी आम्ही सगळे रंगून दरीत पडलो होतो. माझा डावा पाय तुटलेला, नेहमीचा. पोस्टमास्तरांच्या कमरेला आतडी. उस्तादांनी धुराचा डबा पेटवला आणि ठेवला एका मऊ जागी. त्या मातीत मागच्या लढाईतला न फुटलेला गोळा होता. इतकी वर्षं त्याच्यावरून पोरं पळाली, मीही चालले असेन. ऊब लागली तसा तो उठला.

आवाज ऐकू आला नाही मला. जमीन खालून वर आली आणि तोंडावर आपटली, एवढंच कळलं. माती तोंडात, कानात शिट्टी. डोळे उघडले तर समोर उस्ताद. त्यांचा खालचा जबडा नव्हता. एका बाजूचं डोकं नव्हतं. आणि दादू, मी काय विचार केला सांगू? मला वाटलं, रंगाऱ्यानं आज कमाल केलीय, याला बक्षीस दिलं पाहिजे. मग लक्षात आलं, उस्तादांना कधी रंगवत नाहीत.

तेव्हा मी ओरडले. 'खरं, खरं.' सगळेच ओरडत होते, त्यात माझं हरवलं. वरून स्ट्रेचरवाले येत होते, ते चालत येत होते, आरामात, एकमेकांशी गप्पा मारत. त्यांना वाटलं स्फोटही उस्तादांचाच, आज खेळ जोरात रंगलाय. एकानं तर मला हात केला. आम्ही आधीच लाल, आधीच फाटलेले. कुणाचं रक्त पाकाचं आणि कुणाचं अंगातलं, हे कुणाला कसं कळावं? ते पहिलं पोरगं उस्तादांपाशी पोचलं आणि त्यानं वाकून बघितलं, आणि मग ते जे किंचाळलं, तेव्हा सगळे धावले.

लंबू माझ्याकडे आला. रडत होता, पण आला. कमरेचा पट्टा काढला, तो रक्त थांबवायचा, दांडी पिळायचा असतो तो, आणि माझ्या डाव्या पायाला बांधला. डाव्या. मेणाच्या. जीव खाऊन पिळला त्यानं. मी सांगतेय, अरे मेल्या, उजवा, उजवा. पण त्याच्या समोर डाव्यातून हाड आलेलं होतं, तो कशाला उजव्याकडे बघतो. त्याच्या गुडघ्याखाली माझं खरं रक्त साचत होतं, गरम. पाक कधी गरम नसतो. पण त्याला कळेना.

आणि मग बारकी आली.

मी तिला हाक मारली. घरच्या नावानं. ती माझ्यापाशी आली, वाकली नाही. उभ्यानं बघितलं, पायाकडे, मग तोंडाकडे. दादू, आपण भिंतीला ओल आली आहे का बघतो ना, तसं बघितलं तिनं माझ्याकडे. आणि गेली पुढे.

मी तिला शिवी दिली. कुठली ते लिहीत नाही, तुझ्या वडलांनासुद्धा कधी दिली नव्हती. अंगाखांद्यावर वाढवलेली पोर, तिला ताप आला तर रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले, आणि ती मला सोडून चालली, आणि कुणाकडे, तर त्या पोस्टमास्तरांकडे, जे तसेही मेलेलेच पडतात दर आठवड्याला. मला वाटलं, दगड आहे ही. दगड पोसला मी.

म्हणून सांगते, आधीच्या पत्रांत तुला जे शहाणपण शिकवलं ते सगळं परत घेते. खोट्या पायानं शिकवत होते मी. खरा तुटल्यावर कळलं. राग येतो. मरेस्तोवर पुरेल असा येतो. तुझं काही चुकलं नाही.

मास्तर आतडी पसरून गप्प पडले होते, सगळ्यांना वाटलं खेळातलेच. तिनं त्यांना उलटं केलं. पाठीत भोक होतं, बोट जाईल एवढं. ओठ निळे पडलेले, मान ताठलेली. तिनं शर्ट फाडला आणि जाडजूड सुई काढून दोन बरगड्यांच्या मधे खुपसली, अशी, की सुऱ्यानं भोसकावं. फुस्स करून हवा आली, टायरमधून येते तशी, तू ऐकली आहेस हजारदा. आणि मास्तरांनी श्वास घेतला. हा असा मोठा, घोगरा. मला तिथे पडल्यापडल्या ऐकू आला.

मग ती माझ्याकडे परत आली. लंबूला बाजूला ढकललं. पट्टा डाव्याचा सोडून उजव्याला मांडीत वर बांधला आणि पिळला. मांडी तोडून वेगळी करतात तसं दुखलं. तोंडाकडे तिनं बघितलंच नाही. मग वळली, माझ्याकडे पाठ केली, पुढच्या पोरावर वाकली, त्याच्या मांडीत मूठ घालून दाबत राहिली, आणि पाठमोरीच म्हणाली, "आजी, ओरड."

मी म्हटलं, काय?

"ओरडत राहा. मला ऐकू येत राहिलं पाहिजे."

मग मी ओरडले. जे सुचेल ते. तिला शिव्या, तुला शिव्या, तुझ्या वडलांना, सरकारला. दम लागून थांबले की ती नुसतं म्हणायची, "आजी." की मी परत सुरू. तिचे हात त्या पोराच्या रक्तात कोपरापर्यंत आणि कान माझ्यावर.

तेव्हा माझा राग गेला, दादू. रक्त जात होतं आणि मला इतका आनंद झाला, की बाजूच्याला वाटलं मला भ्रम झालाय. माझी नात ही. पाठ केली तरी मला धरून होती ती. मला वाटतं, त्या दिवशी अड्ड्यावर तुझ्या आवाजावरही तिचा कान असणार. पण हे मी आता शहाणपण म्हणून लिहीत नाही. तूच येऊन तिला विचार.

शुक्रवारी सकाळी तिचा ट्रक जाणार.

आई


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दादू,

तू फाटकावरून तसाच बसमध्ये बसलास, वर माझ्याकडे आला नाहीस. बरं केलंस. आला असतास तर मी रडले असते आणि या सळ्यांना रडताना फार त्रास होतो. पण सूनबाई विचारेल काय काय झालं, आणि तू 'काही नाही' म्हणशील, म्हणून हे पत्र. तिला मोठ्यानं वाचून दाखव.

काल तू वॉर्डाच्या दारात उभा राहिलास तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं होतं. तुम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी कुणी बोललं नाही त्याबद्दल. बारकी माझी पट्टी बदलत होती. तुला बघून तिचे हात थांबले नाहीत. पट्टी पुरी केली, चिकटपट्टी फाडली, मग उभी राहिली. तू रिकामी बाही खिशात खुपसली होतीस. तिनं आधी त्याच्याकडेच बघितलं, आणि मला धडकी भरली, की आता ही जखमेबद्दल काहीतरी विचारणार.

तू विचारलंस आधी. वर्षभरानं लेकीशी पहिलं वाक्य बोललास, ते काय, तर, "तो जगला ना?"

मी डोळे घट्ट मिटले. कारण त्या छाती फुटलेल्या माणसाला मीच वर्षभर मनानं जेवायला घालत होते. त्याला बायको दिली, पोरं दिली.

ती म्हणाली, "मेला. तुमच्याकडे परत यायच्या आधीच."

"म्हणजे माझा हात."

"फुकट गेला, बाबा."

देवाशप्पथ सांगते, मला वाटलं आता तू जाशील. मी स्वतः गेले असते. तर तू खुर्ची ओढलीस, पायानं, आणि बसलास. मग म्हणालास, वर्ष झालं, येईल तो मला सांगतो की तुझ्या हातानं कुणाचा तरी जीव वाचला, आणि मला त्या माणसाचा इतका राग यायचा, की तो समोर आला असता तर मी उरलेल्या हातानं गळा दाबला असता. माझीच आई त्यात पुढे, म्हणालास. ऐकलं मी ते.

आणि मग तुम्ही भांडलात. काय भांडलात. समोरच्या खाटेवरचे पोस्टमास्तर छातीत नळी घेऊन उठून बसले ऐकायला. तू म्हणालास तुळई उचलायला दोन माणसं लागली असती फक्त. ती म्हणाली दोन माणसं नव्हती, एक मी होते आणि बाकीचे तुकडे होते. तू म्हणालास बाप होतो मी. ती म्हणाली तिथे सगळे कुणाचे ना कुणाचे होते. नर्सबाई आली, हळू बोला म्हणाली, तर तुम्ही दोघं एकदम तिच्यावर ओरडलात. एकाच सुरात. तेव्हा मला हसू आलं आणि माझं सोंग उघडं पडलं.

शेवटी तू दमलास. आवाज खाली आला तुझा. म्हणालास, "जायचंच होतं तर जायचं होतंस. निदान सांगून जायचं. परत येते, एवढं. एक शब्द."

तिनं खाली बुटांकडे बघितलं. मला वाटलं आता बूट पुसायला घेते की काय. मग म्हणाली, "तोंड उघडलं असतं ना बाबा, तर मला जाता आलं नसतं."

समोर मास्तर हळूच आडवे झाले.

आज सकाळी नर्सबाईनं माझी खाट खिडकीशी ओढून दिली. खाली ट्रक उभा होता, इंजिन चालू. तुकडी पाठीवर ओझी घेऊन रांगेनं निघाली. तू फाटकाशी, खांबाला टेकून. ती रांगेत मधे होती. लंबूही चाललाय वर, तिच्या मागे, चेहरा चुन्यासारखा. मी बघत होते, श्वास धरून. ती तुझ्यासमोर आली. तुझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, एकदाच, आणि थांबली नाही. एक शब्द बोलली नाही. पुढे गेली आणि ट्रकमध्ये चढली.

आणि तू तिला हाक मारली नाहीस.

मी मारणार होते. घसा तयार होता, खिडकी उघडी होती, एवढ्या अंतरावर माझा आवाज सहज जातो. ट्रक वळणाआड जाईपर्यंत मी तोंडावर हात दाबून धरला होता.

आई